टिटवीचा जाहीर पाठिंबा

गावाबाहेर रंगाचा एक कारखाना होता. तो बंद पडला, कामगार गेले, भिंतींतून पिंपळ उगवले. मग कुणीतरी फाटकावर 'निसर्ग उद्यान' अशी पाटी लावली. त्या दिवसापासून आम्ही निसर्ग झालो. त्याआधी नुसतेच राहत होतो. तळ्याचं पाणी अजून कधी निळं, कधी गुलाबी असतं.

उद्यान झालं म्हणजे राज्य आलं, आणि राज्य आलं म्हणजे निवडणूक आली. मुंगूसराव उभे राहिले. मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, हे सगळ्यांना ठाऊक. निवडून दिलं तर रोज दिसेल, असं आम्हाला वाटलं. निवडून आल्यावर ते दिसेनासे झाले.

मी टिटवी. मी ओरडले की लोक अपशकुन म्हणतात. मी त्याला जनजागृती म्हणते. मुंगूसरावांच्या प्रचारात सगळ्यात मोठ्याने मीच ओरडले होते. माझी अंडी उघड्या खडीवर असतात आणि मुंगसांना अंडी आवडतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते भाषणात म्हणाले होते, "अंडी हेच आपल्या राज्याचं भविष्य! त्यांची जबाबदारी माझी!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

एके दिवशी मुंगूसराव दिसले. पाहुणे तिकीट काढून आम्हाला बघायला येणार होते. त्यांच्यासाठी मनोरा बांधायचा होता, तो नेमका माझ्या खडीवर. अंडी सुरक्षित स्थळी हलवायची होती, म्हणजे मुंगूसरावांच्या बिळात. भरदुपारी जुन्या बॉयलरखाली सभा भरली.

"त्यागाशिवाय विकास होतो का?" मुंगूसरावांनी विचारलं.

"नाही!" पहिली मीच ओरडले. सवय.

भाषण लांबलं. ससे पेंगले, मीही पेंगले. आता आम्ही टिटव्या झोपतो उताण्या, पाय वर करून. आकाश कोसळलं तर कुणीतरी धरायला हवं ना! हे काम आम्हाला कुणी दिलेलं नाही.

"ठराव मंजूर असेल त्यांनी पाय वर करावा," मुंगूसराव म्हणाले.

जाग आली तेव्हा टाळ्या चालल्या होत्या आणि माझ्या गळ्यात हार होता.

"अगं, तू दोन्ही पाय वर केलेस!" नवरा म्हणाला.

"अहो, मी झोपले होते! तुम्ही का नाही बोललात?"

"तुझाच पाठिंबा म्हटल्यावर मी काय बोलणार? मीही एक वर केला."

खडी रिकामी होती. मी धावत बिळाशी गेले. "साहेब, माझी अंडी?"

"ताई, तुमच्यासारख्या मातांमुळेच हे राज्य उभं आहे," मुंगूसराव मिशा पुसत म्हणाले. "अंड्यांची काळजी सोडा. ती आता आमच्यातच आहेत."

मी ऊर फुटेस्तोवर ओरडले. आई म्हणवून घ्यायची लाज वाटली. मनोरा उभा राहिला तरी माझं ओरडणं थांबलं नव्हतं. त्यावरचे पाहुणे म्हणाले, "काय गोड आवाज आहे!"

आता मनोऱ्याच्या सावलीत मी पुन्हा अंडी घातली आहेत. पुढच्या महिन्यात निवडणूक आहे.

"या वेळी तरी विचार करशील ना?" नवऱ्याने विचारलं.

"विचार कसला करायचा?" मी म्हणाले. "मुंगूसरावांना नाही द्यायचं, तर द्यायचं कुणाला?"