ढोलीसमोरची हाक

मुलांनो, घराच्या गच्चीवर उंच काठी उभी करून, तिला तारा बांधून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलणारे हौशी रेडिओवाले तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यांच्या स्पर्धाही असतात. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त जणांशी बोलायचे, आणि दोघांनीही एकमेकांना नीट ऐकले असेल तरच ते बोलणे मोजायचे. तुम्ही म्हणाल, जंगलाच्या गोष्टीत रेडिओ कुठून आला? आला नाही. पण माणसांना तारा सापडण्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या एका जंगलात हीच स्पर्धा भरत असे. एका वर्षी तिथे जे झाले, ते ऐकून रेडिओवालेही कानाला हात लावतील.

पळस फुलला की त्या जंगलात हाकांची स्पर्धा लागायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या झाडावरून किंवा जागेवरून हाक द्यायची. दरीतून किंवा पलीकडच्या कड्यावरून कुणी ओ दिली, की दोघांनी एकमेकांना एकच गोष्ट सांगायची : माझ्यासमोर आत्ता काय दिसते आहे. कुणी सांगे, "माझ्यासमोर कोरडा ओढा." कुणी सांगे, "माझ्यासमोर वारूळ." दोघांना एकमेकांचे बोलणे बरोबर ऐकू आले, की एक गाठ पडली असे धरायचे. ज्याच्या गाठी जास्त, त्याला टेकडीवरच्या काटेसावरीचा शेंडा वर्षभरासाठी मिळे. तिथे बसून हाक मारण्याचा मान काही औरच होता.

पंच होता एक म्हातारा वानर. स्वभावाने अगदी सरळ, पण स्वतःच्या सरळपणाचा त्याला फार अभिमान. सूर्य मावळला की एकेका स्पर्धकाने त्याच्याजवळ जायचे आणि आपल्या साऱ्या गाठी त्याच्या कानात सांगायच्या, इतर कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात. वानराने त्या मनातल्या मनात मोजायच्या आणि काही दिवसांनी सगळ्यांना बोलावून फक्त जिंकणाऱ्याचे नाव सांगायचे. कुणाला किती गाठी, कुणाकुणाशी, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. विचारणे म्हणजे पंचावर संशय घेणे, असे सगळे समजत. पद्धत जुनी होती, म्हणून चांगली असणार, असेही समजत.

सलग कितीतरी वर्षे काटेसावरीचा शेंडा कोतवाल पक्ष्याकडे होता. काळाभोर, लांब शेपटीचा, आणि गळा असा की कुणाचीही नक्कल हुबेहूब करावी. एकदा त्याने सर्पगरुडाचा आवाज काढून सातभाई पक्ष्यांच्या अख्ख्या थव्याला झुडपात पळवले होते आणि मग सगळे पोट धरधरून हसले होते. अशा पक्ष्याचा कुणाला राग येणार? तो जंगलाचा लाडकाच होता. त्याच्याशी दरवर्षी अटीतटीने लढायचा तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, ठोक ठोक असा एकसुरी आवाज. गळ्यात काही जादू नव्हती, पण कान फार तल्लख. दूरवर पान पडले तरी त्याला दिशा कळायची.

आता आणखी एका घराची ओळख करून देतो, कारण ही गोष्ट खरे तर त्या घराची आहे. ओढ्याकाठच्या जुन्या बेहड्यात धनेशाची ढोली होती. धनेशाची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग पिल्ले मोठी होईपर्यंत ती आणि तिची पिल्ले त्या एका फटीवर जगतात. बाहेरून नर उंबर, वडाची फळे आणून चोचीत देतो. तो आला तर घास, नाही आला तर उपास. त्या वर्षी ढोलीत धनेशीण होती आणि नुकतीच अंड्यांतून बाहेर आलेली दोन पिल्ले होती.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तांबटाच्या शेजारच्या झाडावरचे शेकरू जरा काळजीत दिसले. ते तांबटाला म्हणाले, "काल सकाळपासून धनेशराव दिसले नाहीत रे. उद्या तुमची स्पर्धा आटोपली की मी वहिनीच्या ढोलीकडे जाऊन येते. काही कमीजास्त असलं तर फळं तरी टाकू."

"मीही येतो," तांबट म्हणाला. "आणि उद्या सकाळपासून त्यालाच हाका मारतो. कुठे असला तर ओ देईल."

दुसऱ्या दिवशी स्पर्धा सुरू झाली. तांबटाने कबूल केल्याप्रमाणे धनेशाला कितीतरी हाका घातल्या, पण ओ आली नाही. दुपार कलली तशी रंगत वाढली. तांबटाला एकामागून एक उत्तरे येत होती, आणि काटेसावरीवर बसलेला कोतवाल मान वळवून वळवून ती ऐकत होता. ऊन उतरायला लागले तशी कोतवालाने काटेसावरीवरून धनेशाला हाक दिली. थोड्या वेळाने बेहड्याच्या बाजूने धनेशाचा तो ओळखीचा, खडबडीत, हसल्यासारखा आवाज आला.  तो म्हणाला, "माझ्यासमोर ढोलीचं तोंड."

शेकरूचा जीव भांड्यात पडला. "आहे बाबा आपल्या घरासमोर," ते स्वतःशी म्हणाले आणि निवांत झोपायला गेले. तांबटालाही बरे वाटले. फक्त एक गोष्ट त्याला टोचत राहिली : सकाळपासून मी एवढ्या हाका मारल्या, मला का नाही ओ दिली? ढोलीकडे मात्र कुणी गेले नाही. जायचे कारणच उरले नव्हते.

काही दिवसांनी वानराने सगळ्यांना कातळावर बोलावले. घसा खाकरून त्याने कोतवालाचे नाव सांगितले. नेहमीप्रमाणे कालवा झाला, नेहमीप्रमाणे कोतवालाने शेपटी उडवली. तेवढ्यात तांबट फांदीवरून खाली येऊन कातळावर बसला.

"आजोबा, एक विचारू? रागावू नका. यंदा सगळ्यांच्या गाठी मोठ्यानं सांगितल्या तर चालेल का?"

वानराच्या भुवया वर गेल्या. "का रे? माझ्या कानावर भरवसा राहिला नाही?"

"तसं नाही. धनेशानं कोतवालदादाला ओ दिली आणि मला नाही दिली. म्हणजे माझी हाक तिथवर पोचतच नसणार. बाकी कुठे कुठे पोचत नाही तेही मला कळेल. पुढच्या वर्षी झाड बदलून बघेन म्हणतो."

सगळीकडे कुजबुज सुरू झाली. हरला की असे फाटे फोडायचे, असे सातभाई आपसात म्हणाले, आणि त्यांचे आपसातले बोलणे नेहमीच सगळ्या जंगलाला ऐकू जाते. वानर तर फुरंगटून पाठ फिरवून बसला. पण कोतवाल हसला. त्याला आपल्या गाठींची भीती वाटत नव्हती, उलट त्या ऐकवायला मिळणार याचा आनंदच होता. "ऐकू द्या की त्याला, आजोबा," तो म्हणाला. "शिकू द्या बिचाऱ्याला."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. मोराशी गाठ, मोरासमोर करवंदाची जाळी. मोर म्हणाला, "बरोबर." भेकराशी गाठ, भेकरासमोर पाणवठा. भेकर म्हणाले, "बरोबर." हळद्या, सुतार, भारद्वाज, एकेक जण होय म्हणत गेला. खरे सांगायचे तर ऐकताना सगळ्यांना कौतुकच वाटत होते. तांबटही मान डोलावत होता.

"धनेशाशी गाठ," कोतवाल म्हणाला. "धनेशासमोर ढोलीचं तोंड."

होय म्हणायला धनेश तिथे नव्हता. "ते असतील घास भरवण्यात गुंतलेले," शेकरू म्हणाले. "पण माझी साक्ष आहे. मीही माझ्या कानांनी ऐकलं."

"मीही ऐकलं," मागून कुणीतरी म्हणाले.

सगळे वळले. कातळाच्या कडेला धनेशीण बसली होती. पिसे गळलेली, पंख धड उचलत नव्हते, चोचीला ढोलीच्या लिंपणाची माती तशीच होती. तिला ओळखायला शेकरूलासुद्धा क्षणभर लागले.

"वहिनी, तुम्ही ढोली फोडून बाहेर? आणि धनेशराव कुठे आहेत?"

"ते नाहीत," ती म्हणाली. "स्पर्धेच्या आधीच ससाण्यानं नेलं त्यांना. मी फटीतून पाहिलं. आधी वाटलं, सुटतील, येतील. भूक फार झाली तेव्हा मी भिंत फोडायला घेतली. अर्धी फोडली होती, आणि त्यांचा आवाज आला. म्हणाले, माझ्यासमोर ढोलीचं तोंड."

ती थोडी पुढे सरकली. 

"मी फटीला डोळा लावला. समोर कुणी नव्हतं. म्हटलं, फळं आणायला वळले असतील. भिंत फोडायची थांबवली आणि फुटली होती ती परत लिंपली. पिल्लांना म्हटलं, गप्प बसा, बाबा येतायत. आम्ही वाट पाहिली. थोरल्यानं वाट पाहिली, धाकट्याला जमलं नाही."

मुलांनो, मी ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली आहे, पण इथे आलो की अजून माझ्या अंगावर काटा येतो. जो गळा ऐकून सगळे पोट धरून हसत, त्याच गळ्यातून तो आवाज निघाला होता. हाक देऊन झाल्यावर गुपचूप बेहड्याच्या बाजूला उडत जाऊन, पानाआड बसून, मेलेल्या नवऱ्याच्या आवाजात कोतवालाने स्वतःच स्वतःला ओ दिली होती. त्याला धनेश मेला हे माहीत नव्हते, हे खरे. माहीत करून घेण्याची गरजही त्याला वाटली नव्हती. त्याला एक गाठ हवी होती.

"मला वाटलं, तो कुठेतरी असेलच," कोतवाल कसाबसा म्हणाला. "एकाच गाठीचा तर प्रश्न होता. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं?"

 वानराने तोंड इकडे वळवले.  त्याने कोतवालाच्या सगळ्या गाठी पुन्हा, या वेळी मोठ्याने, बोटांवर मोजल्या आणि धनेशाची गाठ वगळली. मग तांबटाच्या मोजल्या. 

"तरीही कोतवालच पुढे आहे," तो म्हणाला आणि कोतवालाकडे वळला. "ती गाठ नसती तरी तूच जिंकला होतास रे."

 कुणाच्या किती गाठी आहेत हे स्पर्धेत कुणालाच दिसत नव्हते, म्हणून आपण पुढे आहोत हे कोतवालालाही दिसले नव्हते. जिंकलेली स्पर्धा जिंकण्यासाठी त्याने हे केले होते.

"आणि मी ती गाठ माझ्या कानात ठेवून बसलो," वानर म्हणाला. "त्याच संध्याकाळी चारचौघांत विचारली असती, तर होय म्हणायला धनेश नाही हे दिसून लगेच कुणीतरी ढोलीकडे धावलं असतं. मला वाटायचं, माझा कान म्हणजे न्याय. मला कुणी विचारायचं नाही, यातच मी मान मानला."

काटेसावरीचा शेंडा त्या वर्षी रिकामा राहिला. वानराने तो तांबटाला देऊ केला, पण त्याने नको म्हटले. दुसऱ्या वर्षीपासून सूर्य मावळताच सगळ्यांनी कातळावर जमायचे आणि ज्याने त्याने आपल्या गाठी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायच्या, समोरच्याने होय किंवा नाही म्हणायचे, असे ठरले. याला वेळ फार लागतो, अशी कुरकुर सातभाई अजूनही करतात.

त्या दिवशी मात्र स्पर्धेचे कुणाच्या डोक्यात नव्हते. शेकरू आणि तांबट उंबराची फळे घेऊन बेहड्याकडे धावले. मागोमाग हळद्या गेला, भारद्वाज गेला. थोरले पिल्लू ढोलीत चोच उघडून बसले होते आणि ज्याच्या त्याच्याकडून घास घेत होते. धनेशीण फांदीवर बसून पाहत होती.

सगळ्यांच्या शेवटी कोतवाल आला. त्याच्या चोचीत एक नाकतोडा होता. तो ढोलीपासून जरा दूर बसला, पुढे यायचे धाडस त्याला होईना. नाकतोडा पायाखाली धरून तो काहीतरी बोलणार होता, बहुधा क्षमाच मागणार होता.

धनेशिणीने त्याच्याकडे पाहिले. "ठेव तिथे," ती म्हणाली. "पिल्लू खाईल. पण आवाज करू नकोस. त्याला वाटेल, बाबा आले."

तात्पर्य : न झालेली एक गाठ आपल्या नावावर मोजली, तर तिचा फटका भलत्यालाच बसतो, म्हणून जो खेळ इमानाने खेळायचा, त्याचा हिशेबही चारचौघांत, सगळ्यांना ऐकू येईल असा व्हावा.