तारखेचं दुखणं

डॉक्टर धारपांचं दुखणं तारीख बघून यायचं. वैद्यक परिषदेत त्यांच्याविरुद्धच्या तक्रारीची सुनावणी ठरली, की 'अंथरुणातून उठवत नाही' असा दाखला हजर! तक्रार विभागातल्या कुमुद नाचणेंनी असे तीन दाखले नोंदवले होते. आज चौथा आला, आणि मागोमाग डॉक्टर स्वतःच तणतणत आले.

"फाइल बंद करा, नाहीतर तुमची बदली करवीन!"

कुमुदताईंनी शिक्का मारलेला दाखला पुढे सरकवला. "हा खरा असेल, तर डॉक्टर घरी झोपलेत, तुम्ही कोण? खोटा असेल, तर दुसरी तक्रार मीच नोंदवते."

डॉक्टर चाचरले. "आता... बरं वाटतंय."

"मग चला सुनावणीला. तक्रारदार बाई चौथ्यांदा एसटीने आल्यात. त्या एकदाही आजारी पडल्या नाहीत."