कोल्ह्याची एकादशी

फार जुनी नाही, अणुभट्टी फुटली त्यानंतरची गोष्ट. भट्टीच्या कुंपणालगत पिकलेल्या काकड्यांची टोपली घेऊन सरकारी कोल्हा गोठ्यात आला. "मी स्वतः तपासल्यात. निर्धास्त खा," म्हणाला.

तांबू गायीचं डोकंच फिरलं. तिथलंच गवत खाऊन तिचं वासरू दगावलं होतं, आणि ते गवतही ह्यानेच तपासलं होतं.

"कोल्हा काकडीला राजी, असं म्हणतात. मग आधी तू खा!"

कोल्हा दोन पावलं मागे सरला. "खाल्ली असती हो तांबूताई, पण आज माझी एकादशी आहे."

तांबूने शिंगाने टोपली उधळून दिली.

"काकडी उपासाला चालते, मेल्या! ही काकडी तेवढी तुला चालत नाही!"