बावीसच्या गाडीतला एसी

अकोल्याच्या कुमुदताई सरोदे तणतणत शोरूममध्ये शिरल्या. लिटरला बावीस किलोमीटर सांगून विकलेली गाडी बाराच्या पुढे जाईना.

मॅनेजर धारस्कर टाय सावरत म्हणाले, "बावीसच देते, बाई! फक्त महागातलं पेट्रोल भरा, एसी लावू नका, काचा उघडू नका."

"पेट्रोल महागातलंच आहे. बाकीचं तुम्हीच बसून बघा, चला!"

मे महिन्याची दुपार. पहिल्याच सिग्नलला साहेबांचा कोट घामाने भिजला. काचेकडे हात गेला, तशा ताई खाकरल्या. मग साहेबांनी एसीच्या बटणावरच झडप घातली. ताईंनी मनगट वरच्यावर धरलं.

"अंहं! बावीसच्या गाडीत एसी नसतो. हवा असेल तर आधी खरं ॲव्हरेज सांगा."

"बारा, ताई, बारा!"