टणक फळांचं झाड

पूर्वेकडच्या डोंगरातल्या नदीला अजून नाव नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिच्या काठी पांढऱ्या फुलांचं एक झाड होतं. खारी त्याची फळं पळवायच्या. काही खायच्या, काही मातीत पुरायच्या नि विसरून जायच्या.

"माझ्या एकाही लेकराला आता दात लागणार नाही!" म्हणत झाडाने फळांची सालं लाकडासारखी टणक केली. खारी दुसऱ्या झाडांकडे वळल्या. त्या झाडांची रोपं काठभर पसरली.

खूप वर्षांनी एक म्हातारी खार सावलीला टेकली. झाड तोऱ्यात म्हणालं, "बघ खारूताई, एकही फळ गेलं नाही."

"हो रे बाबा. सगळी तुझ्या पायाशीच वाळलीत."

झाडाने खाली पाहिलं. रोप एकही नव्हतं. "यंदाचं एखादं नेऊन पुरशील?"

"पुरलं असतं रे," खार म्हणाली, "पण उचलून न्यायला आता मला दातच राहिले नाहीत."