हळदीचा रुमाल

"पण वर जाणार का खाली, एवढंच सांगा ना अप्पा!"

अप्पा शेंगा सोलत बसले होते. एक दाणा त्यांनी तोंडात टाकला.

"काय वर जाणार?"

"बाजार. सगळ्या जगाचा बाजार!"

"जगाचा?" अप्पा म्हणाले. "मग मोठा असंल की."

आता हे विचारणारा कुणी ऐरागैरा नव्हता बरं का. अभिनंदन चौगुले! पुण्यात ऑफिस. रोज सकाळी टाय लावून टीव्हीवर बसायचं आणि शेअर बाजार आज काय करणार ते सांगायचं. बाजार त्याचं ऐकायचा की नाही, ते बाजारालाच माहीत.

आणि अप्पा म्हणजे रेवणाप्पा. एके काळचे सांगलीच्या हळदपेठेतले नावाजलेले अडते. वीस वर्षांपूर्वी पेढी पुतण्याच्या हवाली करून कृष्णाकाठच्या मठात चार दिवस म्हणून आले, ते तिथलेच झाले. अभिनंदननं कॉलेजात असताना दोन वर्षं त्यांच्या पेढीवर उमेदवारी केली होती. बाजार म्हणजे काय, ते तो तिथंच शिकला. टीव्हीवर मात्र हे कधी बोलला नाही.

"चार वाजता इथं सांगलीत सभा आहे अप्पा. निवृत्त शिक्षकांची. त्यांचा औषधपाण्याचा निधी आहे ना, तो सगळा शेअरमध्ये आहे."

"कुणी घातला?"

"...माझ्या सांगण्यावरून."

"मग?"

"ठेवू का काढू, विचारतायत. मी सांगेन तसं करणार. पाटोळे गुरुजी तर म्हणाले, आपला अभिनंदन म्हणेल ती पूर्व दिशा."

पाटोळे गुरुजींचं नाव काढताना त्याची नजर खाली गेली. तिसरीत त्यांनी त्याच्याकडून पाढे पाठ करून घेतले होते. आता आठवड्यातून दोनदा त्यांचं डायलिसिस असतं, आणि ते त्याच निधीतून होतं.

अप्पा त्याच्याकडे बघत होते. अभिनंदन सारखा खिसे चाचपत होता.

"उजव्या खिशात काय हाय?"

"भाषण."

"आणि डाव्या?"

"...भाषण."

"दोन?"

"एक तेजीचं. एक मंदीचं."

अप्पा खो खो हसले. मांडीवरची टरफलं उडाली.

"खरं कुठलं?"

"दोन्ही! आकडे दोन्हीकडून बरोबर येतात हो, तेच तर कळेना झालंय! अमेरिकेनं व्याजदर उतरवले तर वर. तेल भडकलं तर खाली. चीननं खरेदी वाढवली तर वर. कुठं लढाई पेटली तर खाली."

"आणि डॉलर?"

"डॉलर दोन्हीकडं!"

त्याचा आवाज चिरकला. टीव्हीवर कधी चिरकत नाही.

"बरं," अप्पा म्हणाले, "आज हळद काय भावानं गेली?"

"...बघितलं नाही."

"असू दे."

अप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. खुंटीवरचा रुमाल काढून ते परत बसले. जुना, मोठा रुमाल. किती धुतला तरी पिवळाच राहिलेला.

"वळकलास?"

न ओळखायला काय झालं! हळदीच्या सौद्यात भाव ओरडून कुणी सांगत नसे. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं धरून भाव ठरवायचे. बाकीच्यांना नुसता रुमाल हललेला दिसायचा. आत जेवढी बोटं धरली, तेवढा शब्द गेला. त्यावरून जो फिरला, त्याला दुसऱ्या दिवशी सौद्यात कुणी उभं करत नसे.

"घाल हात."

"अप्पा, माझी सभा आहे..."

"घाल की."

अभिनंदननं हात घातला. अप्पांचा तळवा कोरडा आणि खरखरीत होता.

"एक बोट म्हणजे धा रुपये. समज, तुझ्याजवळ शंभर रुपये हायेत. तुझे सोताचे. त्यातले बाजारात किती हायेत? धरून दाव."

पाच बोटं धरावीत, असं त्याच्या मनात आलं. पन्नास. शोभून दिसतील. परवाच तर तो टीव्हीवर म्हणाला होता, घाबरू नका, टिकून राहा.

बोटं हलेनात.

दोन महिन्यांपूर्वी त्यानं स्वतःचं सगळं काढून घेतलं होतं. अगदी सगळं! बायकोलासुद्धा बोलला नव्हता. एका दुपारी भीती वाटली आणि काढलं, बस्स. त्यात ना आकडा होता ना आलेख.

अप्पा वाट बघत होते. बाहेर घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

त्यानं एकही बोट धरलं नाही. हात तसाच अप्पांच्या तळव्यावर पडून राहिला आणि घामानं भिजला.

"झालं सांगून?"

"...झालं."

अप्पांनी रुमाल बाजूला केला. आता चार शब्द ऐकून घ्यावे लागणार, म्हणून अभिनंदननं मान खाली घातली. अप्पांनी त्याच्या ओल्या हातावर चार शेंगदाणे ठेवले.

"खा."

त्याला खाववेना. त्याला लाज वाटत होती आणि रडूही येत होतं.

"पण म्हणजे बाजार पडणारच, असं मला कुठं कळलंय अप्पा? मी नुसता घाबरलो! आज त्यांना काढा म्हटलं आणि उद्या वर गेला, तर गुरुजींचं नुकसान. ठेवा म्हटलं आणि आपटला, तर त्यांचं डायलिसिस... मी काय सांगू?"

"काय होणार, कळतंय व्हय तुला?"

"नाही."

"मग झालं तर."

"तुम्हाला कळतंय?"

"मला?" अप्पांनी डोळे मोठे केले. "अरे बाबा, मी हळद विकत हुतो!"

अभिनंदन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. पुण्याहून इतकी गाडी हाणत आला, ते हे ऐकायला? त्याला राग आला. पण राग टिकेना. हाताला हळदीचा जुना वास येत होता, त्यात पेढीवरचे दिवस आठवत होते, आणि काय करायचं ते पहिल्याइतकंच कळत नव्हतं.

साडेतीन वाजले. तो उठला. वाकून पाया पडला. दोन्ही खिशांवरून पुन्हा एकदा हात फिरवला.

दाराशी जाऊन तो थांबला.

"अप्पा... तेवढा रुमाल द्याल? खिशात असला की धीर येईल."

अप्पांनी रुमाल झटकला, घडी घातली आणि परत खुंटीला अडकवला.

"ह्यो हितंच राहू दे," ते म्हणाले. "मास्तरांचा हात उघड्यावर धर."