पेंढ्याची म्हातारी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, शब्दही साधेच आहेत. सातवीनंतर माझी शाळा सुटली. शिमग्याला आलेले पाहुणे आमचं सोंग बघून पोट धरून हसतात आणि मग विचारतात, हे कधीपासून चालत आलंय? मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून पारूआत्या सांगते तसं लिहून देतो.

नेरशेतच्या देवळामागची चढण चढलं की उघडा सडा लागतो. सगळा कातळ तांबूस, पण मधोमध एक जागा कोळशासारखी काळी. पावसाळ्यात सडाभर फुलं येतात, तिथं मात्र गवताची काडी उगवत नाही. तिला म्हातारीचा कातळ म्हणतात.

फार पूर्वी घाटावर मोठा दुष्काळ पडला, असं सांगतात. तेव्हा आमचा मूळपुरुष बयाजी घाट उतरून इथं आला. खांद्यावर घोंगडी, पाठीवर डालग्यात आई. तिचं नाव भागू. ती तापानं फणफणली होती. शिमग्याचा दिवस होता, देवळासमोर पालखी होती. बयाजीनं कडेला घोंगडी अंथरली. कुणीतरी ती ओढली.

"इथं मानकरी बसतात."

त्यानं दुसरीकडे अंथरली.

"इथं पालखी वळते. ऊठ!"

पुढच्या वेळी ओढली तेव्हा तो आईसकट घसरला. तोल सावरायला त्यानं ज्या उड्या मारल्या त्या बघून गाव हसला म्हणे. ढोलवाल्यानं त्या उड्यांवर ठेका धरला.

खोत म्हणाले, "अरे, हा तर नाचतोय! नाच रे घाट्या. देवीला हसवलंस तर जागा देतो."

बयाजी जन्मात नाचला नव्हता. पण आईला टेकायला जागा हवी होती. तो घोंगडी अंथरायचा, बसायला जायचा, कुणीतरी ओढायचं, तो कोलमडायचा. डालग्यात भागूची मान डोलू लागली. इकडे झुकली, तिकडे झुकली.

"म्हातारी बघ कशी ताल धरतेय!" बायका पदरात तोंड घालून हसल्या. खोतांनी डोळे पुसले आणि विचारलं, "माग, काय हवं?"

"वरीसभर ऱ्हाऊ द्या, मालक. पाऊस झाला की जातो माघारी."

त्याला खरंच माघारी जायचं होतं. गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलं: हा उपरा वर्षभर राहील. मग बयाजीनं डालगं उतरवलं. भागू केव्हाच गेली होती.

वर्षभराच्या माणसाला मसणात जागा कशाला, असं कुणीतरी म्हणालं म्हणे. बयाजीनं आईला सड्यावर नेऊन अग्नी दिला. तिची राख इथं पडली आणि त्याचा पाय इथून निघेना. पण गाऱ्हाण्यातला शब्द बदलत नाही. म्हणून दर शिमग्याला आमच्या घरातला एक पुरुष पाठीवर पेंढ्याची म्हातारी बांधून तसाच नाचतो, पडतो, आणि शेवटी मानकरी म्हणतात, "राहा वर्षभर."

यंदा काकांचे गुडघे गेले, म्हणून मी नाचलो. लोकांनी मला हसावं, तिला हसू नये, म्हणून तिच्या मानेत मी बांबूची कामटी घातली होती. नाचाआधी दाजी मानकऱ्यांनी ती चाचपली आणि उपसून काढली.

"सुभान्या, मान हलली नाही तर लोकं हसतील कशाला?"

मान हलली. लोक हसले. एका पाहुण्यानं आत्याला विचारलं, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" आत्याचा जन्म याच गावातला. ती तोंड उघडायच्या आत दाजीच बोलले, "घाटावरची हो ती. पण आपलीच माणसं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राहा वर्षभर."

त्या कातळावर आजही काही उगवत नाही. आजही सोंग संपलं की पेंढ्याची म्हातारी देवळामागच्या केरात फेकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती केरातून उचलली. दवानं भिजून जड झाली होती. डालग्यात घालून सड्यावर नेली, काळ्या जागी ठेवली आणि अग्नी दिला. ओला पेंढा धुमसत राहिला. सगळा जळेपर्यंत मी उभा होतो. मग विहिरीवर अंघोळ करून घरी आलो. आत्या दारातच उभी होती. तिनं माझ्या हातावर कडुलिंबाचं पान ठेवलं.